वर्दीमागचं काम

साताऱ्या-कोल्हापुरात फौजेतून सुटून आलेल्या माणसाला ‘तुम्ही काय होता?’ असं विचारलं, की उत्तर येतं: हवालदार. नाहीतर नाईक, सुभेदार. पुढं रेजिमेंटचं नाव, जिथं पोस्टिंग झालं ती ठिकाणं. रोज काय काम केलं, ते त्यात येत नाही. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते. त्यामुळे बरेचजण पस्तिशी-चाळिशीतच घरी येतात. मुलं शाळेत असतात, दुसरी नोकरी हवीच असते. ती बहुधा पुण्या-मुंबईतल्या एखाद्या गेटवर मिळते. त्या नोकरीत कमीपणा काहीच नाही. पण तिथं त्याच्या अंगच्या कामातलं फार थोडं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार काय करतो ते पाहा. रायफल कंपनीत शंभराहून अधिक जवान. त्यांचं राशन, कपडे, बिछाने, तंबू, सगळ्याचा हिशेब त्याच्याकडे. माल आला की लेजरवर चढवायचा, दिला की सही घ्यायची, बाद झालेल्याची नोंद वेगळी. चार्ज देताना शेवटच्या कांबळ्यापर्यंत मोजून द्यायचं. उंचावरच्या चौक्यांवर बर्फानं वाट बंद होण्याआधी हिवाळ्याचा साठा पोचवायचा. अंदाज चुकला तर मागाहून पाठवायची सोय नसते. चाकणच्या एखाद्या गोदामाला असाच माणूस हवा असतो. पण अर्जात फक्त हुद्दा असेल, तर तो वाचणाऱ्याला यातलं काय कळणार?

सांगण्याचा संकोच आपल्या संस्कारातच आहे. समर्थांनी दासबोधात स्वतःची स्तुती करणाऱ्याला मूर्खांत बसवलं, ते योग्यच आहे. मात्र ‘मी शूर आहे’ ही स्तुती, आणि ‘इतक्या माणसांचा साठा इतकी वर्षं सांभाळला’ ही माहिती. माहिती दडवण्यात विनय नाही. उलट ती दिली नाही, तर समोरचा आपल्या समजुतीनं मोकळी जागा भरतो. फौजी म्हटलं की त्याला पहारा दिसतो.

सरकारी यंत्रणाही त्याच वाटेनं जाते. केंद्राचं पुनर्वसन महासंचालनालय माजी सैनिकांच्या सुरक्षा एजन्सींना काम मिळवून देतं, आपलं राज्य माजी सैनिक महामंडळही रक्षक पुरवतं. त्यानं हजारो घरं चालतात, हे नाकारून चालणार नाही. दहावी झालेल्या जवानाला १५ वर्षांच्या सेवेनंतर केंद्राच्या गट ‘क’मधल्या काही पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचं मानतात. पण खासगी मालकाला त्या बरोबरीशी कर्तव्य नसतं. हा माणूस उद्या माझं काय सांभाळेल, एवढंच त्याला बघायचं असतं. तिथं आपली उणीवही मोकळेपणानं सांगावी: जीएसटीची बिलं किंवा कंपनीचं सॉफ्टवेअर येत नसेल, तर शिकायला किती दिवस लागतील तेही बोलावं.

२०२२ला सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. बाकीचे एकरकमी सेवानिधी घेऊन विशी-पंचविशीत परततात. त्यांना पेन्शन नाही, सांगायला मोठा हुद्दाही नाही. सुटण्याच्या सहा महिने आधी युनिटमध्येच कुणीतरी प्रत्येकासोबत बसून त्यानं कोणती यंत्रं चालवली, किती माणसं आणि किती माल हाताळला, हे साध्या मराठीत आणि इंग्रजीत लिहून काढावं, आणि अधिकाऱ्याच्या सहीनं त्याच्या हाती द्यावं. याला नवा कायदा लागत नाही.