शत्रूचा शत्रू

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या धाकट्याने टाचेखाली कारीट फोडले आणि विचारले, "बाबा, मेला नरकासुर?" मी घुटमळलो. कारण पुढल्या पावसाळ्यात कुंपणावर कारिटाचा वेल पुन्हा हजर असणार.

हरियाणातल्या शेतकऱ्यांनी हा अनुभव फार कडू घेतला आहे. तेथे गव्हात 'गुल्ली-डंडा' नावाचे तण माजते. आयसोप्रोट्युरॉन फवारले की ते मरे. वर्षानुवर्षे तेच एक औषध फवारले गेले आणि १९९२-९३ च्या सुमारास ते मरेनासे झाले. कित्येकांना उभा गहू हिरवाच कापून गुरांपुढे टाकावा लागला. आम्ही मास्तर म्हणतो, छडीने पोरे कोडगी होतात. तण तसे कोडगे होत नाही. असंख्य रोपांत एखादे जन्मतःच ते विष पचवणारे असते. बाकीची आपण मारतो आणि त्याला मोकळे रान करून देतो. म्हणजे हा शत्रू आपणच वेचून वाढवलेला!

मग शत्रूवर त्याचा शत्रू सोडावा काय? ऑस्ट्रेलियात गव्हाच्या शेतांत 'स्केलेटन वीड' हे परदेशी तण शिरले होते. औषधाने वरचा भाग जळे, पण खोल मुळातून ते पुन्हा फुटे. १९७१ साली शास्त्रज्ञांनी इटलीतून त्याच्यावरचा तांबेरा आणून सोडला. गहू पिकवणाऱ्यांनी तांबेऱ्याला आमंत्रण द्यावे! पण हा तांबेरा पिकांना शिवत नाही, याची आधी कसून परीक्षा झाली होती. अरुंद पानांचे तण त्याने आटोक्यात आणले. त्याच तणाचे रुंद पानांचे भाऊबंद मात्र त्याला बधले नाहीत. रिकाम्या जागी तेच पसरले.

गुल्ली-डंडा तर गव्हाच्याच कुळातला. एकाला सोडून दुसऱ्यालाच नेमका मारील असा मारेकरी मिळणे अवघड. शिवाय फवारा थांबवता येतो. एकदा सोडलेला जीव माघारी बोलावता येत नाही.

तरीही पारखून घेतलेला असा शत्रू सोडण्यात मला अधर्म वाटत नाही. तो तणाचा निर्वंश करीत नाही, त्याला मर्यादेत ठेवतो. निर्वंशाची घाई आपल्यालाच असते. पिकांची फेरपालट, खुरपणी, बांधावरची नजर हे दरसालचे कष्ट त्याच्या गळ्यात टाकून मोकळे होऊ पाहणे, हा खरा अधर्म.

धाकटा अजून उत्तराची वाट पाहत होता. "मेला," मी म्हणालो, "यंदापुरता."