सव्वीस डिसेंबरचा दिनविशेष

वृत्तपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात 'दिनविशेष' नावाचे छोटेसे सदर असते. अमुक साली आजच्या दिवशी अमुक जन्मले, तमुक वारले, कुठे तह झाला, कुठे शोध लागला. सकाळच्या चहाबरोबर आपण ते वाचतो आणि पान उलटतो. या सदरातील एकच तारीख आज मी आपल्यापुढे ठेवीत आहे : २६ डिसेंबर.

या तारखेच्या खाती पुष्कळ काही जमा आहे. १५३० साली या दिवशी आग्र्यास बाबर वारला. १७९१ मध्ये गणकयंत्राचा आराखडा मांडणारा चार्ल्स बॅबेज जन्मला. १८९८ मध्ये क्युरी पतिपत्नींनी पॅरिसमध्ये रेडियमच्या शोधाची वार्ता जाहीर केली. १९१४ मध्ये आपल्या हिंगणघाटास बाबा आमटे जन्मले. आणि पाश्चात्य ख्रिस्तसभेच्या पंचांगात हा पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन याचा स्मरणदिन आहे. बाबर आणि बाबा आमटे यांना एका ओळीत बसवण्याचे धाडस पंचांगावाचून दुसरे कोण करील? बरे, बाबर वारला तेव्हा जुने जुलियन पंचांग चालू होते. आजच्या ग्रेगरियन गणनेने तो दिवस ५ जानेवारी १५३१ ठरतो. म्हणजे या ओळीत तो दहा दिवस अलीकडे येऊन बसला आहे.

येथवर सारे गमतीचे आहे. पण २००३ साली याच तारखेस इराणमधील बाम हे प्राचीन शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले व पंचवीस हजारांहून अधिक माणसे गेली. बरोबर एक वर्षाने, २६ डिसेंबर २००४ रोजी, सुमात्राजवळ समुद्रतळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप होऊन त्सुनामी उसळली व चौदा देशांतील सव्वादोन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हे वाचताच मनात काहीतरी हलते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रक्तसाक्ष्याच्या सणाला, लागोपाठ दोन वर्षे! यात काही संकेत तर नसेल?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी घड्याळाकडे पाहू. भूकंप झाला तेव्हा चेन्नईत सकाळचे ६ वाजून २९ मिनिटे होत होती. त्याच क्षणी न्यूयॉर्कमध्ये २५ डिसेंबरची सायंकाळ होती, आठ वाजत आले होते. तेथील ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने धरणी हादरली ती स्तेफनच्या दिवशी नव्हे, तर नाताळातच. मग संकेत कोणत्या सणाचा मानायचा? तारीख ही माणसाने काळावर मारलेली रेघ आहे, हे चेन्नईकरांना तरी वेगळे सांगायला नको. तेथे नुंगमबाक्कमला १७९२ मध्ये वेधशाळा उभी राहिली आणि पुढे देशातील आगगाड्या मद्रासच्या वेळेवर धावू लागल्या. मुंबईचे घड्याळ त्या वेळेच्या अर्धा तास मागे होते. १९०६ च्या १ जानेवारीपासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही, ही गोष्ट आपल्यापैकी काही वृद्ध वाचकांच्या स्मरणात असेल.

आता त्या सकाळच्या चेन्नईकडे वळू. रविवार होता. मरीना किनाऱ्यावर फिरायला आलेली माणसे होती, क्रिकेट खेळणारी मुले होती, मासे विकणाऱ्या बाया होत्या. नऊच्या सुमारास समुद्र आत आला. शहरात दोनशेच्या आसपास माणसे दगावली. अड्यार नदीच्या मुखाशी, वाळूवर वसलेली श्रीनिवासपुरमची कोळी वस्ती वाहून गेली.

तेथून जवळच सान्थोमचे महामंदिर आहे. प्रेषित थोमाच्या कबरीवर ते उभे आहे अशी परंपरा आहे. आजची पांढरी गॉथिक वास्तू १८९६ सालची. मंदिरामागे समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर एक खांब आहे. तो थोमाने रोवला व समुद्र ही खूण ओलांडणार नाही असे सांगितले, अशी दंतकथा. २००४ मध्ये पाणी मंदिरापर्यंत आले नाही आणि त्या दंतकथेला जगभर नवी प्रसिद्धी मिळाली. चेन्नईच्या दक्षिणेस, नागपट्टिनम जिल्ह्यात वेलंकणी मातेचे तीर्थ आहे. आपल्याकडून तेथे दरवर्षी कितीतरी कुटुंबे जातात. तेथेही मंदिरात पाणी शिरले नाही. आत मिस्सा चालू होती, ती माणसे वाचली. परंतु किनाऱ्यावर गेलेले शेकडो यात्रेकरू बुडाले.

वाचकहो, येथे थांबून विचार करावा असे मला वाटते. वाचलेल्यांनी गुडघे टेकून उपकार मानले, यात गैर काहीच नाही. पण 'देवाने आम्हांला राखले' हे वाक्य प्रार्थनेतून उचलून स्पष्टीकरणाच्या जागी ठेवले की त्याचा दुसरा अर्धा भाग आपोआप पुरा होतो : मग त्यांना का नाही राखले? किनाऱ्यावर गेलेलेही त्याच मातेच्या दर्शनाला आले होते. त्यांतले काही जण पहाटेची मिस्सा आटोपून बाहेर पडले असतील. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले होते. ते इतरांहून अधिक पापी होते असे आपणांस वाटते काय, असे विचारून प्रभूने स्वतःच त्याला नकार दिला आहे. खांबाची गोष्ट सांगताना तो नकार आपण विसरतो.

तारीख सर्वांवर सारखीच उगवली होती. पाणी मात्र सर्वांवर सारखे आले नाही. ते सखल जागी आले, आणि सखल जागी कोण राहतो हे कोणत्याही शहरात दिसते. श्रीनिवासपुरमचे लोक वाळूवर राहात होते, कारण त्यांचा धंदा तेथे होता आणि शहरातील जमीन त्यांना परवडणारी नव्हती. समुद्राने निवड केली असे म्हणण्याआधी आपण केलेली निवड पाहावी लागेल.

स्तेफनचे स्मरण मला येथे वेगळ्या कारणाने होते. मरता मरता त्याने धोंडे मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. त्याला ते शक्य होते, कारण धोंड्यामागे हात होते, हातामागे चेहरे होते. लाटेला क्षमा कशी करणार? तिला चेहरा नाही. परंतु भूकंप आणि चेन्नईवरील लाट यांच्यामध्ये सुमारे अडीच तास गेले, आणि त्या अडीच तासांना चेहरे आहेत. कार निकोबारच्या हवाई तळावर पाणी शिरल्याचा संदेश चेन्नईला मिळाला होता, तेव्हा मरीनावर लाट यायला तासाभराचा अवधी होता. दिल्लीत एक फॅक्स माजी मंत्र्याच्या पत्त्यावर गेल्याचे नंतर वृत्तपत्रांत आले. दुष्टपणा कोणीच केला नाही. मात्र किनाऱ्यावरच्या माणसाला 'मागे फिर' म्हणून सांगणे हे कोणाचेच काम नव्हते. स्तेफनची पहिली नेमणूक विधवांच्या रोजच्या वाटणीतील हयगय दूर करण्यासाठी झाली होती, हे आपण सहसा लक्षात ठेवीत नाही.

२००७ मध्ये हैदराबादला त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र सुरू झाले. खोल समुद्रातील दाब मोजणारी तरंगती यंत्रे चेन्नईच्या सागरी तंत्रज्ञान संस्थेने बसवली. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ पुन्हा ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. चेन्नईत इमारती हलल्या, इशारा निघाला, मरीना रिकामी करण्यात आली. मोठी लाट आली नाही आणि माणसे संध्याकाळी घरी गेली.

ही तारीख कोणत्याही दिनविशेषात आपल्याला सापडणार नाही. त्या दिवशी सांगण्यासारखे काही घडलेच नाही.

२६ डिसेंबरला मात्र दरवर्षी सकाळी पट्टिनपाक्कम आणि कासिमेडूच्या किनाऱ्यावर कोळी स्त्रिया जमतात. त्या समुद्रात दूध ओततात, फुले सोडतात आणि गेलेल्यांची नावे घेऊन रडतात.