काल कुठे गेलो होतो?

आईवडिलांसाठी केलेली जी गोष्ट त्यांच्या लक्षातच राहणार नाही, ती करण्यात काय अर्थ आहे? वाचकहो, हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथात सापडला नाही. तो बेळगावहून जांबोटीला जाणाऱ्या रस्त्यावर पुढे उभा राहिला.

माझे वडील ८३ वर्षांचे आहेत. खानापूर तालुक्यातील मराठी शाळांत शिकवण्यात त्यांची हयात गेली. अलीकडे त्यांना विस्मृतीच्या आजाराने ग्रासले आहे. एका सप्टेंबरात पाऊस जरा उघडलेला पाहून मी मंडळीच्या कमिटीची सभा चुकवली आणि त्यांना मोटारीत बसवले. पिरनवाडी मागे पडली, किणये गेले. दोन्ही बाजूंना पोटरीला आलेले भात, तांबड्या मातीचे बांध आणि पुढे रानाची गर्द सावली. बाबांनी काच खाली करायला लावली. "यंदा भात बरं आहे," ते म्हणाले.

कुसमळीजवळ मलप्रभेच्या पुलाअलीकडे आम्ही थांबलो. नदी भरून चालली होती. मी विचारले, "बाबा, ही नदी कोणती? आठवतं का? लहानपणी तुम्ही आम्हांला इथं आणत होता." उत्तर न येणाऱ्या मुलासारखा त्यांचा चेहरा कावराबावरा झाला. ज्यांनी जन्मभर मुलांना प्रश्न विचारले, त्यांची मी परीक्षा घेत होतो! मी ओशाळून गप्प बसलो. मग आम्ही दोघे नुसते पाणी पाहत राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी माझा हात धरला, तो मोटारीत बसेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने विचारले, "अहो, काल कुठं जाऊन आलात?"

"मी कुठं जाणार? मला कोण नेतंय?" बाबा म्हणाले.

खरे सांगतो, मला राग आला. आईने तो ओळखला. ती म्हणाली, "तू दोन वर्षांचा होतास तेव्हा दिवस मावळला की रडून घर डोक्यावर घ्यायचास. शाळेतून थकून आलेले हे तुला सायकलच्या दांडीवर बसवून फाटकापर्यंत न्यायचे, आगगाडी दाखवायला. वर्षभर नेलं. तुला आठवतं?"

मला काहीच आठवत नव्हते.

माझ्या रागाचे मूळ मला तेव्हा दिसले. बाबांना आनंद मिळावा एवढेच मला नको होते. त्या आनंदाची नोंद माझ्या नावावर व्हावी, असेही वाटत होते. आपण प्रीती करतो आणि हळूच पावती मागतो. वयाच्या पहिल्या दोनतीन वर्षांत आईबापांनी आपल्यासाठी जे केले, त्यातले आपल्यापैकी कोणाला काय आठवते? तरी ते वाया गेले असे कोण म्हणेल? आपण चालतो, बोलतो, माणसांवर विश्वास टाकतो, तो त्याच विसरलेल्या दिवसांच्या बळावर.

कोणी म्हणेल, मूल वाढत असते, म्हातारा माणूस मावळत असतो. ही तुलना बरोबर नाही. ते खरेच आहे. परंतु इ. स. २०१४ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की, अशा रुग्णांच्या मनातून प्रसंग पुसला गेला तरी त्याने उपजलेला आनंद किंवा दुःख काही काळ टिकते. म्हणजे नदीकाठचा गारवा जसा मागे राहतो, तसा माझ्या प्रश्नाचा ओरखडाही राहतो. आणि समजा, काहीच राहिले नाही, तरी त्या तासभरात बाबांना सुख झाले, हे घडलेले सत्य कोणाच्या विसरण्याने खोटे ठरत नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. नऊ जण परतले नाहीत. प्रभूने त्यांच्याविषयी विचारले खरे, पण त्यांना दिलेले आरोग्य परत घेतले नाही.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनाही हा अनुभव असेल. शिशुवर्गाला शिकवलेला धडा पुढच्या रविवारी कोणालाच सांगता येत नाही. पण एखादे मूल आपणहून येऊन बाईंच्या मांडीला टेकून बसते.

आता दर शनिवारी आम्ही त्याच रस्त्याने जातो. मी "आठवतं का?" असे विचारत नाही. किणये ओलांडले की बाबा काच खाली करायला लावतात आणि म्हणतात, "या बाजूला आपण कधी आलो नव्हतो. फार छान आहे."

मी म्हणतो, "होय बाबा, फार छान आहे."