मोरचूद आणि अहिंसा

मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथेच आहे. रामनवमीची यात्रा भरली की बोकडबळीचा वादही निघतो. बोकड डोळ्यांपुढे उभा असतो, म्हणून त्याची बाजू घेणारे भेटतात. वाशीम जिल्ह्यातल्या संत्र्याच्या बागांत बोर्डो मिश्रणाची फवारणी होते, तेव्हा जमिनीत कोण मेलं हे विचारणारा भेटत नाही.

1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. त्या किलोभर मोरचुदात सुमारे पाव किलो तांबं असतं. बुरशी मारण्यासाठीच ते असतं, आणि सेंद्रिय शेतीतही मर्यादेत चालतं. पण तांबं कुजत नाही. पावसाने पानांवरून उतरतं आणि वरच्या थरात मुक्काम करतं. चुनखडीयुक्त काळी माती त्यातलं बरंचसं धरून ठेवते, म्हणून विदर्भात त्याची झळ कमी बसते. साठा मात्र वाढतच राहतो. युरोपीय संघाने म्हणूनच हेक्टरी 7 वर्षांत 28 किलो तांबं अशी हद्द घातली आहे.

हा पापाचा प्रश्न आहे का?

याच वाशीम जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर आहे. जैन दर्शन मातीलाही एकेंद्रिय जीव मानतं, पृथ्वीकाय. हे पृथ्वीकाय म्हणजेच जिवाणू, असं उत्साहाने सांगणारे असतात. ते ओढूनताणून आहे. तिथे मातीच जिवाचं शरीर असते, जिवाणू तर मातीत राहतात. उपयोगी पडते ती दुसरी गोष्ट: हिंसेची वर्गवारी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा वेगळी, पोटापाण्याच्या धंद्यात घडणारी उद्योगी हिंसा वेगळी. गृहस्थाला दुसरी पूर्ण टळत नाही, त्याने ती आवरावी एवढीच अपेक्षा. शेतकऱ्याला एवढी सवलत पुरावी.

पण इंग्लंडमधल्या वोबर्नचा प्रयोग या हिशेबाला अडचणीत आणतो. तिथे 1942 ते 1961 या काळात काही वाफ्यांत शहरी सांडपाण्याचा गाळ टाकला गेला. त्यातून जस्त, तांबं, कॅडमियम जमिनीत आलं. गाळ थांबून वीसेक वर्षं झाली, तरी धातू तिथेच होते. त्या वाफ्यांत क्लोव्हर खुरटं राहिलं. त्याच्या मुळांवर गाठी येत होत्या, म्हणजे त्या गाठी करणारा रायझोबियम जिवाणू नाहीसा झाला नव्हता. पण टिकून राहिलेला वाण हवेतला नत्र पिकाला देऊ शकत नव्हता. गाठी गुलाबी होण्याऐवजी लहान, पांढुरक्या राहिल्या.

सोयाबीनची गाठ फोडून आतला गुलाबी रंग पाहणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. सोयाबीनचा जिवाणू क्लोव्हरच्या जिवाणूपेक्षा वेगळा, त्यामुळे तिथला निकाल इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी तत्त्वचिंतकाला पेच पडतोच. डोकी मोजून वोबर्नमधली हिंसा कळत नाही, कारण तिथे जगलेलेही होते. मोडली ती देवाणघेवाण. जिवांनी एकमेकांना उपकारक व्हावं, असं जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात मांडलं आहे. अहिंसेच्या चर्चेत ‘मारू नये’ या आज्ञेपेक्षा हे सूत्र पुढे यायला हवं.

कर्मसिद्धान्तापुढेही एक गाठ उरते. केलेल्या कर्माचं फळ करणाऱ्याला, असा त्याचा न्याय. बागेतलं तांबं सातबाऱ्यावरचं नाव बदललं तरी हलत नाही. संत्र्याची झाडं काढून तिथे तूर पेरणाऱ्या नव्या मालकाने मोरचुदाला हातही लावलेला नसतो.