कढी सांभाळणारा हात

पौषात तापीकाठच्या काळ्या रानात दादर ज्वारी निसवलेली असते. त्याच दिवसांत सातपुड्यातल्या डाब-वालंबा भागातून एखाद्या वर्षी दव गोठल्याची बातमी येते. नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यात थंडी तेवढी टोकाला जात नसली, तरी दिवेलागणीनंतर चुलीपुढची जागा कुणी सहज सोडत नाही. घट्ट, गरम, पोटभरीचं काहीतरी शिजवण्याचा हाच काळ. बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा, वालपापडी, मेथी, पातीचा ओला लसूण आणि खानदेशात ज्याला गंगाफळ म्हणतात तो लाल भोपळा आलेला असतो.

या भाज्यांचं चीज घातलेलं सूप करायचं म्हटलं, की अनेक घरांत ‘ते आपल्याला कुठं येतंय’ असा सूर निघतो. सूप म्हणजे हॉटेलातली जेवणाआधीची पातळ वाटी, नाहीतर पाकिटातली पूड, अशीच त्याची ओळख झाली आहे. ही समजूत खोडून काढायला हवी. या सुपातलं सगळ्यांत अवघड कसब मराठी स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या रुळलेलं आहे. ते कसब म्हणजे कढी फुटू न देणं.

ताकाला बेसन लावल्याशिवाय कोणी कढी आचेवर चढवत नाही. आंबट ताक तापलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि पाणी वेगळं पडतं. बेसनातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो, ताकाला दाटपणा आणतो आणि त्या प्रथिनांना एकत्र येऊ देत नाही. चीजचंही तसंच आहे. खळखळ उकळत्या सुपात ते टाकलं, की प्रथिनं आकसून त्यांचे दोरे होतात आणि तूप वर तरंगतं. युरोपातले स्वयंपाकी त्यासाठी लोण्यात आधी मैदा परततात. कढी करणारी बाई बेसन लावते. दोघांनीही एकच गोष्ट ओळखली आहे.

धानोऱ्यातल्या घरी मैदा आणायची गरजच नाही. दादरचं पीठ ते काम करतं. ज्वारीचा स्टार्च साधारण ७० अंशांच्या आसपास फुगू लागतो आणि सुपाला भाकरीचा ओळखीचा वास येतो, जो मैद्याला कधीच येणार नाही.

चीज कोणतं, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा. दुकानात मिळणारे चौकोनी तुकडे बहुधा प्रक्रिया केलेल्या चीजचे असतात. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीज वितळवताना त्यात सायट्रेट क्षार मिसळले, तेव्हा तूप आणि पाणी एकत्र राहिलं. म्हणूनच असं चीज सुपात सहज विरघळतं. पनीर विरघळत नाही, कारण तापल्या दुधात आंबट घालून ते नासवलेलं असतं. नंदुरबारहून रेल्वेने थेट जाता येणाऱ्या सुरतेत निवळीत ठेवलेल्या मऊ पनीरच्या चकत्या मिळतात. पारशी घरांत तेच छोट्या टोपलीत लावतात. अशी चकती वाटीत अख्खीच सोडावी, ढवळू नये.

चौघांसाठी कढईत चमचाभर तुपात ओला लसूण आणि कांदा परतावा. त्यात वाटीभर तुरीचे दाणे, दोन वाट्या गंगाफळ आणि गाजराच्या फोडी घालून पाच वाट्या पाण्यात मऊ शिजवावं. अर्ध्या भाज्या घोटाव्यात, अर्ध्या तशाच राहू द्याव्यात. तोंडात काही चावायला आलं, तरच ते जेवण वाटतं. दीड चमचा दादरचं पीठ गार दुधात कालवून ओतावं आणि पिठाचा कच्चा वास जाईपर्यंत उकळावं. टोमॅटो शक्यतो टाळावा, आंबटपणाने चीज फुटण्याचा धोका वाढतो. मीठ अगदी शेवटी, कारण चीज स्वतःच खारट असतं.

या जिल्ह्यात पोषणाचा विषय निघाला की मन जड होतं. कुपोषणाच्या बातम्यांत नंदुरबारचं नाव वर्षानुवर्षं येत राहिलं आहे. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेच्या ताटात भाकरी, डाळ, हिरवी भाजी आणि शेंगदाण्याचा लाडू असतो. वरच्या कढईतला ऐवज याहून फार वेगळा नाही. चीज परवडत नसेल तर ते खुशाल वगळावं आणि मूठभर शेंगदाण्याचा कूट घालावा. सुपाचं खरं बळ तुरीत आहे. चीज त्याला खमंग चव आणि थोडी जास्तीची प्रथिनं देतं.

आणि ज्यांच्या घरी चीज आहे त्यांनी एवढं करावं: कढई खाली उतरवा, उकळी पूर्ण बसू द्या, मग किसलेलं चीज थोडं थोडं घालत एकाच दिशेने ढवळा. सोबत दादरची गरम भाकरी असू द्या.