बांधावरचं तण

आई पात धरून खुरपायला बसली की तिच्या ओटीत भाजी जमायची. घोळ, तांदुळजा, पाथरी, कुरडू. पण चवीला गोड म्हणून तिनं ज्वारीतला तांदुळजा कधी राखला नाही. पिकाचं पाणी आणि खत खातंय ते तण, ते उपटायचं. खायजोगं असलं तर खायचं. हिशेब सरळ होता.

गाजर गवतानं तो मोडला. हे मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेत भरलं. परदेशी गव्हाबरोबर आलं असं सांगतात. लोक त्याला काँग्रेस म्हणतात. एका झाडाला हजारो बिया, त्याबी इतक्या हलक्या की वारा, पाणी, बैलगाडीचं चाक, कशासंगंही जातात. त्याच्या मुळापानांतलं सत्त्व दुसरं बी नीट उगवू देत नाही. आमच्या माळावर कुसळी, पवन्या होतं, मेंढरं चरायची. आता पांढरी फुलं डोलतात आणि जनावर तोंड लावत नाही. लावलंच तर दूध कडू.

माझं रान मी साफ ठेवायचो. बांधावरचं मात्र तसंच. बांध काय माझ्या एकट्याचा? शेजारीही हेच म्हणायचा. दोघांचं खरं, आणि बी दोघांच्या रानात.

एका श्रावणात ते फुलावर आलं तेव्हा मी एका बाईला उपटायला लावलं. उघड्या हातांनी. हातमोजे तालुक्याला मिळत होते, पण एका दिवसासाठी कोण जातंय? चार दिवसांत तिचे कोपर, मान फुटून निघाली, पापण्या सुजल्या. औषधाचे पैसे मी दिले. बुडालेल्या मजुरीचे नाही दिले. ध्यानात आलं नाही असं म्हणायची सोय आहे. पण आलं होतं.

शाळेत शिकलो होतो, नको तिथं उगवतं ते तण. पण कुणाला नको? मला नको होतं म्हणून तिच्या हातानं काढलं, एवढंच.

मेक्सिकोतला एक भुंगा ह्याची पानं खातो. १९८४ पासून आपल्या देशात सोडतात. पावसाळ्यात तो चाळण करून टाकतो, उन्हाळ्यात मातीत दडतो. पण त्याच्या भरवशावर बसून भागत नाही. आता मी पहिल्या पावसानं माती ओली झाली की, फुलायच्या आत, हाताला पिशव्या बांधून उपटतो. बांधाच्या दोन्ही अंगाचं.

"आमच्या बाजूचं राहू द्या की, अण्णा," शेजारी म्हणाला.

"बी कुणाच्या बाजूला जातंय ते सांग, मग राहू देतो."

ती बाई आमच्या रानात पुन्हा आली नाही. वाटेत भेटली की पदर कोपरापर्यंत ओढून घेते, आणि पोरांचं कसं चाललंय विचारते.