माळ घरी ठेवताना

मानसोपचार वॉर्डात न्यायच्या सामानाची यादी आली: नाडीची नको, इलॅस्टिकची सलवार, काच नको, चार्जरची लांब वायर नको. गळ्यातली तुळशीची माळही नको. दोरी ती दोरीच, सिस्टर म्हणाल्या. त्यांचं बरोबर आहे.

पण वारकऱ्यानं माळ उतरवायची कशी? आत्याला तर माझं दाखल होणंच मान्य नाही; तिच्या मते जे घडलं ते माझं प्रारब्ध, भोगूनच संपवायचं. मला हे पटत नाही. प्रारब्धात तो प्रसंग बसत असेल, तर उपचार का बसू नयेत? पाय मोडल्यावर प्लास्टर घालताना कुणी प्रारब्ध काढत नाही. (आत्यानं गुडघा बदलून घेतला, तेव्हाही नाही काढलं.) १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेले. पुढं ते भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसू लागले. त्याला आपण पळपुटेपणा म्हणत नाही. मग माझ्या मुक्कामालाच का?

माळ विठोबापाशी ठेवली. जप बोटांवरही होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मी स्वेच्छेनं दाखल होते आहे, सोडण्याची मागणीही मीच करू शकते. नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून बहिणीचं नाव दिलंय. आत्याचं नाही.